विंडोजच्या सपोर्टचे पैसे घेता आणि लिनक्स टाका म्हणता?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बॅकअप प्रोग्रामच्या विंडोज पोर्टमधला (लिनक्सवरून विंडोजवर आणलेल्या आवृत्तीतला) दोष आणि त्यावर मिळालेली उत्तरं

तुमच्या विंडोज आवृत्तीत देवनागरी नावाची एकही फाइल बॅकअपमध्ये जात नाही. लॉगमध्ये नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते, फाइल वगळली जाते आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘बॅकअप पूर्ण’. पूर्ण!

कारण तुम्हाला माहीत असणारच, पोर्ट तुमचाच आहे. लिनक्सच्या लेखी फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट्स. मूळ प्रोग्राम ते जसेच्या तसे पुढे देतो. विंडोजवर तुम्ही जुनी कोडपेजवाली, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यावर चालणारी, फंक्शन्स वापरलीत. कोडपेजात न बसणाऱ्या अक्षराचं तिथे प्रश्नचिन्ह होतं, आणि विंडोज फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालवूनच घेत नाही. मग फाइल सापडणार कशी? सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडची फंक्शन्स विंडोज एनटीपासून आहेत. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून तर प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) यूटीएफ-८ हे युनिकोडचं रूप जाहीर केलं तरी बरंच काम भागतं.

हे सगळं तुमच्याकडे नोंदवलेल्या तक्रारीच्या तिकिटात लिहिलं होतं. काल फोनवर आलेल्या तुमच्या माणसाने ते उघडलंही नव्हतं. आधी म्हणाला, “सर, फाइल्सना इंग्रजी नावं द्या.” म्हटलं, फाइल्स लोकांनी पाठवलेल्या आहेत, नावं मी ठेवलेली नाहीत. मग, “हे ओपन सोर्स आहे सर, मूळ डेव्हलपर्सना विचारा.” विचारलं होतं. त्यांनी तपासून सभ्यपणे कळवलं की दोष पोर्टमध्ये आहे, पोर्ट करणाऱ्यांना गाठा. ते उत्तर मी त्याला वाचून दाखवलं. होल्ड. संगीत. परत येऊन, “लायसन्समध्येच नो वॉरंटी लिहिलंय सर.” त्याच लायसन्सच्या, म्हणजे जीपीएल या ओपन सोर्स परवान्याच्या, कलम १ मध्ये पैसे घेऊन वॉरंटी देता येते असंही लिहिलंय, आणि सपोर्टच्या नावाने पैसे तुम्ही घेतलेच आहेत, असं म्हटल्यावर साहेब चक्क हसले. “मग तुम्ही लिनक्सच का टाकत नाही?”

विंडोजचा सपोर्ट विकत घेतलेल्या माणसाला विंडोज सोडायचा सल्ला! हा फुकट होता की वर्गणीतच धरलाय? संयमाने लिहायचं ठरवलं होतं, पण ते हसणं काही डोक्यातून जात नाही.

तुम्हाला दुरुस्ती जमत नसेल तर आम्ही करतो. म्हणून तुमच्या बदलांसकट सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) आणि त्यातून प्रोग्राम तयार करणाऱ्या बिल्ड स्क्रिप्ट मागितल्या. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या कलम ३ प्रमाणे तो उपकार नाही, बंधन आहे. मेलला उत्तर नाही. तुम्ही दिलेली लिंक मूळ प्रकल्पाकडे जाते, तिथे तुमच्या पोर्टची एक ओळ नाही. कलम ४ पण वाचून ठेवा: अटी मोडल्या की वितरणाचा हक्क आपोआप संपतो. मूळ हक्कधारकांना हा सगळा पत्रव्यवहार पाठवायला मला काहीच वेळ लागणार नाही.

तुमच्याकडून सपोर्ट घ्या असं मीच चार जणांना सांगत फिरलो, याची आता लाज वाटते. नूतनीकरण थांबवलं आहे. एकतर सोर्स द्या, नाहीतर यंदाची वर्गणी परत करा. जे काही ठरेल ते लेखी कळवा. फोन करू नका.

एक वर्गणीदार