त्या सिस्टरांचे आभार

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कर्वे रस्त्यावरच्या एका दवाखान्यात झालं. टेबलवर तोंडावर हिरवं कापड आलं आणि तिचा जीव घाबरला. बीपी चढलं, ऑपरेशन थांबलं. तेव्हा एका सिस्टरांनी तिचा हात धरला. "आजी, हलायचं नाही, बोलायचं नाही. काही वाटलं तर माझा हात दाबा." शेवटपर्यंत सोडला नाही.

निघताना त्यांनीच एका ड्रॉपच्या बाटलीला रबर बँड गुंडाळून दिला. रबरवाली सहा वेळा, साधी चार वेळा, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. बारीक अक्षरं वाचायची कटकटच नाही!

डॉक्टर निष्णात आहेतच, पण आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगते ते तुमचं. सिस्टर, मनापासून आभार. दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही तुमचीच ड्यूटी असू दे, असा तिचा हट्ट आहे.