व्हायोलाच्या इंजिनासाठी आवाहन (मागचं वाचलं नसेल तर हे तरी वाचा)

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितोय. कमिटीची मीटिंग काल रात्री उशिरा संपली आणि हे आजच्या आज सगळ्यांना जायला हवंय. विषय माहीतच आहे, व्हायोला. गणपतीत मखरात पुठ्ठ्याचा ट्रॉलर (जाळं ओढत मासे पकडणारी बोट) होता ना, तीच.

इथं इंग्लंडात, हलमध्ये नवीन आलेल्यांसाठी पटकन सांगतो. बोट १९०६ ची, इथं बेव्हर्लीला कुक, वेल्टन अँड गेमेलच्या यार्डात बांधलेली. नदी अरुंद म्हणून तिथं बोटी आडव्याच पाण्यात ढकलायचे आणि मग ओढत हलला आणून इंजिन बसवायचे. हिचं इंजिनही हलच्याच एमॉस अँड स्मिथचं. हेलियर कंपनीच्या ताफ्यातली, तिथं बोटींना शेक्सपिअरच्या पात्रांची नावं द्यायचे. आठवडेच्या आठवडे नॉर्थ सीमध्ये राहायचं, मासळी पेट्यांत भरून वल्ह्याच्या होडीतून भर लाटांत दुसऱ्या बोटीवर चढवायची आणि ती बोट लंडनच्या बिलिंग्जगेट बाजाराला जाणार, असा सगळा जीवघेणा धंदा. पहिल्या महायुद्धात नौदलाने घेतली, दोन जर्मन पाणबुड्या बुडवण्यात हिचा हात होता. मग नॉर्वेत विकली, नाव बदलून डियास झालं, देवमाशांची शिकार करून झाली, पुढे १९२७ पासून पार खाली दक्षिण अटलांटिकमधल्या साऊथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेनला सीलच्या शिकारीवर. १९७४ मध्ये बर्फाच्या वजनाने जागच्या जागी बुडाली, २००४ मध्ये वर काढून किनाऱ्याला टेकवली. अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनची कबर आहे त्याच गावात ती आज उभी आहे, आणि पोटात ते वाफेचं इंजिन अजून आहे!

तिला घरी आणायची मोहीम इथं चालू आहे. पण आपल्या चीफसाहेबांचं (चीफ म्हणजे जहाजावरचे मुख्य इंजिनिअर) म्हणणं एकच आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं, की हलवायच्या आधी इंजिन मोजा. बोट इतकी वर्षं एका जागी बसलीये, तिचं हाड त्या बसण्याला सवयीचं झालंय. उचलली की सांगाडा थोडा तरी वाकणार, आणि मग क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) लाइन आधीच गेली होती की उचलताना गेली हे कोणी सांगू शकणार नाही. शिवाय ते ट्रिपल एक्सपान्शन आहे, म्हणजे तीच वाफ तीन सिलिंडरमध्ये एकामागून एक फुगत जाते, दाब उतरतो म्हणून पुढचा सिलिंडर आधीच्यापेक्षा मोठा. सर्व्हे तिघांचा वेगवेगळा करावा लागतो. आधी लॅगिंगमध्ये (उष्णता अडवायला गुंडाळलेल्या वेष्टणात) कुठे ॲस्बेस्टॉस उरलाय का ते बघायचं, त्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. मग बॉयलरच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने, फर्नेस (बॉयलरमधली भट्टीची नळी) गोल राहिलीये का, स्टे (बॉयलरच्या आतले आधाराचे दांडे) हातोडीने ठोकून आवाज कसा येतो, कंडेन्सरच्या (वाफेचं परत पाणी करणाऱ्या भागाच्या) ट्यूबा, बेअरिंगचा व्हाइट मेटल (आतला मऊ धातूचा थर) झिजून फट किती पडलीये ते शिशाची तार दाबून. आणि कोणीही उत्साहात इंजिन फिरवायला जायचं नाही, हे चीफसाहेबांनी मला तीनदा लिहून घ्यायला लावलंय.

आपण कुणाला तिकडे पाठवत नाही आहोत, तिथं विमानतळच नाही, फॉकलंड बेटांवरच्या स्टॅन्लीहून चौदाशे किलोमीटर बोटीने जावं लागतं. आपण जमवतोय ती हत्यारं आणि सर्व्हेची पक्की यादी, जाणाऱ्या माणसांच्या हातात द्यायला.

आता आभार, कारण ते राहून गेले होते. बेव्हर्लीचे डॉक्टर आणि वहिनी, न मागता पहिला चेक त्यांचा आला, आणि नाव जाहीर करू नका असं बजावून. पुठ्ठ्याचा ट्रॉलर करणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या मुली, परीक्षा तोंडावर असताना रात्री जागून केला आणि विंचसुद्धा फिरत होती. दिवाळीच्या फराळाचे उरलेले पैसे खात्यात टाकणाऱ्या सगळ्या काकू. आणि अर्थात चीफसाहेब, ज्यांनी लाटणं आणि दोन पट्ट्या घेऊन व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमध्ये वाफ सोडायची यंत्रणा) समजावला, आठवीतल्या पोराला कळला, मला अजून नाही.

पण एक बोलायचंच आहे. चीफसाहेबांचं भाषण चालू असताना निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि शेजारच्या खोलीत मिसळीची रांग दारापर्यंत. मिसळ छान होती, मीही खाल्ली. पण या वयाचा माणूस पायऱ्या चढून येतो हो. आणि नंतर ग्रुपवर मेसेज की मराठी माणसाचा या बोटीशी काय संबंध. अहो, १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने असाच वाफेचा ट्रॉलर, विल्यम कॅरिक, मुंबईपुढच्या समुद्रात फिरवून बघितला होता. धंदा म्हणून जमलं नाही, पण प्रयोग झाला. आणि संबंध नसता तरी ज्या गावात राहतो त्या गावाची बोट आहे.

पैसे नसतील तर माणूस द्या! म्हणजे भारतात कुणाचे वडील, मामा, आजोबा वाफेच्या बोटीवर, लोकोशेडमध्ये किंवा जुन्या साखर कारखान्यात स्टीम इंजिनवर होते का, त्यांना चीफसाहेबांशी फोनवर बोलायला द्या. ही माणसं आता थोडी उरलीत आणि पुस्तकात नाही ते त्यांच्या हाताला माहीत आहे.

तपशील: जे द्यायचं ते दसऱ्याच्या आत, कारण तिकडचा उन्हाळा नोव्हेंबरपासून. २० पाउंड दिलेत तरी चालेल, मंडळाच्या नेहमीच्या खात्यात, रेफरन्स व्हायोला, टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म (सरकारकडून पाउंडामागे २५ पेन्स जास्त मिळतात, फुकट सोडू नका), पावती खजिनदार देतील, भारतातून पैसे नकोत फक्त माहिती. जाडी मोजायचं मीटर, बोरोस्कोप (आत घालून बघायची दुर्बीण) किंवा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कुणाकडे पडून असेल तर उसनं चालेल, नाव लिहून द्या म्हणजे परत मिळेल.

रविवारी चार वाजता हॉलवर यादी फायनल करतोय. चहा मंडळाचा. मिसळ नाही.

आपला,
सेक्रेटरी