मोहाखाली अंधारात जाऊ नकोस

चि. छकुलीस,
आईचा आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवून दिलास, मग माझा डोळा लागला नाही. बाबा म्हणाले, सकाळी फोन कर. पण फोनवर आपलं भांडणच होऊन जाते. म्हणून ब्रह्मपुरीच्या गाडीने मामा येऊन राहिला, त्याच्याजवळ ही चिठ्ठी अन् जवसाची चटणी देते.

तू मोहाची फुलं वेचण्यावर फिल्म करून राहिलीस, याचा मला राग नाही. फक्त पहाटे जाऊ नकोस. तू म्हणशील, फुलं तर पहाटेच गळतात. मला का माहीत नाही? तू पोटात होतीस तेव्हाही मी टोपली घेऊन गेली होती. उशीर केला तर गुरं, हरणं खाऊन टाकतात, अस्वलही येते. अन् वेचणारी बाई वाकलेली. अंधारात वाघाला ती माणूस वाटतच नाही, चार पायांचं जनावर वाटते. हे तूच आम्हाला समजावलंस, धाकट्या मामीचं झालं त्यानंतर.

तेव्हा कॅमेरेवाले आले होते. मामीचं लुगडं दाखवलं, 'नरभक्षक' म्हणत वाजंत्री लावली अन् गेले. उजाडू द्या, तिघीचौघी मिळून जा, मोठ्यानं बोलत राहा, फुलं दिसावी म्हणून पाला जाळू नका, त्यानेच जंगलात वणवा लागते, त्यापेक्षा झाडाखाली जुन्या साड्या अंथरा, एवढं तरी सांगायचं होतं. कोणी सांगितलं नाही. तू सांगशील म्हणून तर मी गावभर सांगत फिरते, माझी पोरगी करून राहिली म्हणून.

2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा लॉकडाऊनमुळे तू घरीच होतीस. आजी म्हणे, देवाचा कोप. तू हसली नाहीस. लोणच्याची बरणी पुढे घेऊन बसलीस, सांगितलंस की पाणी आटलं, खार वाढला, अन् खारातच जगणारे रंगाचे जीव वाढले. दुसऱ्या दिवशी आजी विहिरीवर बायांना तेच सांगत होती, बरणीसकट!

फिल्म आधी आपल्या चौकात दाखव. बोली आपल्या झाडीपट्टीचीच ठेव. 'मानव-वन्यजीव संघर्ष' म्हटलं की आमच्या बाया उठून घरी जातात. बाबा दंडारीच्या नाटकात बाईचं सोंग घ्यायचे, लोक हसून हसून लोळायचे, अन् त्या हसण्यातच दारूचं, हुंड्याचं ऐकून घ्यायचे. तसं काही पाहा. अन् मामीच्या पोरांना विचारल्याशिवाय मामीचं नाव घेऊ नकोस.

पाहा, मी पुन्हा शिकवायला लागली. तुझं काम तू जाणतेस. रागावू नकोस.

कॅमेरा डोळ्याला लावला की तुला मागचं काही दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. लहानपणी तलावाच्या पाळीवर तू बगळे पाहत बसायचीस, मी दहादा हाक मारली तरी ऐकायची नाहीस.

सोमवारी येशील तर मी येते तुझ्याबरोबर. काकूलाही घेऊ. फुलं गळताना नाही सापडली तर नाही, पडलेली तर दिसतील. मी चहा ठेवते, तो पिऊन, चांगलं दिसायला लागल्यावर निघू.

तुझी
आई