डावीकडच्या काकांना

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

ही आद्याक्षरं तुमची नात फोनमध्ये टाकून बघेल आणि फोन तिला काहीतरी भलतंच सांगेल. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना पत्र असं सुरू करतात, एवढंच समजा. तुमच्याशी इतकी वर्षं इंग्रजीत बोललो, पण आभार मानायची वेळ आली की माझं इंग्रजी ‘थँक्यू सो मच’ला येऊन अडतं. म्हणून मराठीत लिहितोय आणि चारचौघांत लिहितोय. घरात आम्ही तुम्हाला कायम ‘डावीकडचे काका’ म्हणायचो, हेही तुम्हाला आजच कळणार. तुमचं घर आमच्या डावीकडे होतं, एवढं साधं कारण.

जानेवारी १९९६. डेट्रॉइटच्या त्या उपनगरात येऊन मला नऊ दिवस झाले होते. चिंचवडहून निघताना लोकांनी थंडीबद्दल सांगितलं होतं, बर्फात रुतलेल्या गाडीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. सकाळी सातला मी ॲक्सिलरेटर दाबत होतो, चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि रबर जळल्याचा वास सुटला होता. तुम्ही काखेत एक पिशवी मारून आलात. तिच्यावर मांजराचं चित्र. आमच्याकडे मांजर नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तुम्ही त्यातली मातीसारखी खडी (घरातल्या मांजराच्या शी-शूसाठी मिळते ती) चाकांपुढे ओतलीसुद्धा. ‘पाय काढ. नुसता ब्रेक सोड.’ गाडी शहाण्या बैलासारखी बाहेर आली. पिशवी माझ्या डिकीत टाकलीत, एक फावडं माझ्या दाराशी टेकवलंत आणि म्हणालात, संध्याकाळी मॅच आहे, ये.

तुमच्या तळघरातल्या टीव्हीवर नऊ नंबरचं चॅनल लागलं होतं, नदीपलीकडच्या विंडसरचं, म्हणजे कॅनडाचं. तुमचं ठाम मत, की अमेरिकी चॅनलवाल्यांना आइस हॉकी, म्हणजे बर्फावरची हॉकी, दाखवता येत नाही. मला तेव्हा ते कुणी दाखवूनही दिसत नव्हतं. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबराची काळी चकती, म्हणजे पक, आणि तिच्यामागे दहा माणसं. मी नुसता मान हलवत बसलो होतो. अर्ध्या तासानं तुम्हालाच राहवलं नाही. ‘पक बघू नकोस. पाच नंबर बघ.’

पाच नंबर म्हणजे निकलास लिडस्ट्रॉम. स्वीडनमधल्या वेस्तेरोसचा.

पहिल्या दिवशी मला त्याच्यात काही विशेष दिसलं नाही. समोरून दोघंतिघं सुसाट येताहेत आणि हा त्यांच्याकडे तोंड करून, उलटा, मागे मागे सरकतोय. कुणाला धडकत नाही, कुणावर ओरडत नाही. हातातली स्टिक लांब केलेली, तिचं पातं बर्फावर टेकलेलं. येणाऱ्याला मधून वाट दिसायला आणि ते पातं तिथे सरकायला एकच गाठ पडायची. मग तो आपसूक कडेला, फळीकडे वळायचा, आणि फळीपाशी वाट संपायची. ‘पण त्यानं केलं काय?’ मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘काही झालं का? नाही ना? तेच केलं.’ क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर धावफलकावर ‘बाइज : शून्य’ लिहिलेलं असतं ना, तसं. ते शून्य यष्टिरक्षकाचं असतं, पण त्याच्यापुढे त्याचं नाव नसतं.

तुमच्याकडून ऐकलेल्या गोष्टींपैकी एक माझ्या डोक्यात कायमची बसली. लिडस्ट्रॉम १९९१ मध्ये डेट्रॉइटला आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघानं त्याला ५३ व्या क्रमांकावर उचललं होतं. त्याच ड्राफ्टमध्ये संघाचे दोन रशियन तारे, फेदोरोव्ह ७४ वा आणि कॉन्स्टँटिनोव्ह २२१ वा, हे तुम्ही लॉटरी लागल्यासारखं सांगायचात. तर या पोराला पहिल्या मोसमात जोडीदार दिला ब्रॅड मॅक्रिमन, सस्कॅचेवानचा, तिशी ओलांडलेला, मुरलेला गडी. डिफेन्समन, म्हणजे बचावाचे खेळाडू, नेहमी जोडीनं उतरतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. मॅक्रिमन मागे थांबायचा, म्हणून लिडस्ट्रॉमला पुढे जाता यायचं. पोरानं त्या मोसमात साठ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले आणि सर्वोत्तम नवोदिताच्या बक्षिसासाठी पावेल बुरेच्या पाठोपाठ दुसरा आला. मॅक्रिमनकडून आपण खेळ शिकलो, असं तो पुढे आवर्जून सांगायचा.

हे ऐकून मी तुम्हाला कराडजवळच्या आमच्या गावाकडची रीत सांगितली होती. नव्या खोंडाला शेतीकामाला लावायचं, तर त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपतात. माणूस शिकवत नाही, जुना बैल शिकवतो. खोंड उधळला की तो नुसता जागेवर उभा राहतो, जू आपोआप ओढ देतं. तुम्हाला ते इतकं पटलं, की पुढे वर्षभर तुम्ही मॅक्रिमनला ‘द ओल्ड बुल’ म्हणत होतात. आपण कुणाशेजारी जुंपला गेलो आहोत, हे मला तेव्हा सुचलं नाही.

१९९७ चा जून. डेट्रॉइटला स्टॅनली कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक, मिळून बेचाळीस वर्षं झाली होती. फायनलला फिलाडेल्फिया, आणि त्यांच्याकडे एरिक लिंड्रोस, अंगानं रेड्यासारखा. सगळे पेपर म्हणत होते, त्याच्यावर कॉन्स्टँटिनोव्हला सोडा, तो ठोकून काढील. कोच स्कॉटी बोमननं उलटंच केलं. लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी, म्हणजे धडकाधडकी न करणारी जोडी, लिंड्रोसपुढे उभी केली. तुम्ही बोमनला दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. चार सामने झाले, चारही जिंकले. चौथ्यातला पहिला गोल लिडस्ट्रॉमचाच. लिंड्रोसला अख्ख्या मालिकेत एक गोल मिळाला, तोही चौथ्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात, म्हणजे वरात निघून गेल्यावर. सहाच दिवसांनी लिमोझिनच्या अपघातात कॉन्स्टँटिनोव्ह कायमचा जायबंदी झाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा कप जिंकला तेव्हा तो व्हीलचेअरवर होता आणि कप त्याच्या मांडीवर ठेवला, तेव्हा तुम्ही उठून वर स्वयंपाकघरात गेलात. नळ बराच वेळ चालू होता.

मधल्या वर्षांची यादी तुम्हाला पाठ आहे. २००२ मध्ये व्हँकुव्हरविरुद्ध मैदानाच्या मध्यरेषेपासून मारलेला तो अचाट गोल, त्याच वर्षी कप आणि प्लेऑफमधल्या (कपसाठीच्या शेवटच्या फेऱ्यांमधल्या) सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी, जी युरोपातल्या कुणाला तोवर मिळाली नव्हती. २००६ ला तुरिनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण, फिनलंडविरुद्ध निर्णायक गोल त्याचा. त्याच वर्षी आयझरमननंतरची कप्तानी, २००८ ला चौथा कप. या सगळ्यापेक्षा मला आवडतो तो दुसराच आकडा : १५६४ सामन्यांत नियम मोडल्याबद्दल बाहेर बसायच्या ५१४ मिनिटांच्या शिक्षा. सामन्याला वीस सेकंदसुद्धा पडत नाहीत! या खेळात डिफेन्समननं इतकं सरळ राहायचं म्हणजे पुण्यात रिक्षा चालवून कधीच हॉर्न न वाजवण्यासारखं आहे.

आणि एक त्याची खोडी. जो लुई अरीनाच्या, म्हणजे डेट्रॉइटच्या घरच्या मैदानाच्या, गोलमागच्या फळ्या फार उसळत्या होत्या. लिडस्ट्रॉम लांबून, मुद्दाम, गोलच्या बाजूला मारायचा. नवख्याला वाटायचं, नेम चुकला. पक फळीवर आदळून दुसऱ्या बाजूनं परत यायचा, नेमका आपल्या माणसाच्या स्टिकवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर येणार आहे.

ऑक्टोबर २००८. माझी कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची, नाव राहू दे. एका शुक्रवारी दुपारी आम्हा चाळीस जणांना एका खोलीत बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एक लिफाफा दिला आणि खोकं भरायला वीस मिनिटं दिली. घराचे हप्ते चालू, मुलगी नऊ वर्षांची. सोमवारी सकाळी सातला तुम्ही दारात, दोन कप कॉफी घेऊन. ‘गराजमध्ये काम आहे, चल.’

काम काय, तर तुमच्या परसात आइस रिंक करायची. मी इंजिनियर, पण जमिनीचा उतार तुम्ही दोरी आणि पाणसळ घेऊन मला मोजायला लावलात. फळ्या उभ्या केल्या, मागून खुंट्या ठोकल्या, आत पांढरं प्लॅस्टिक अंथरलं. मग उणे दहाच्या थंडीची वाट. ती आली तेव्हा रात्री अकराला आपण दोघं पाइप घेऊन उभे, पाणी एकदम ओतायचं नाही, पापडाइतका थर द्यायचा, गोठू द्यायचा, मग पुढचा. शेवटचा हात गरम पाण्याचा, म्हणजे पृष्ठभाग आरशासारखा होतो. त्या हिवाळ्यात नोकरीबद्दल तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. इतर प्रत्येक जण विचारत होता. आमच्या मंडळाच्या संक्रांतीला मी त्यासाठीच गेलो नाही.

मुलीला तुम्ही आधी उलटं स्केटिंग शिकवलंत, सरळ नंतर. बायको म्हणाली, हे काय भलतंच! पण तुमचं गणित ठरलेलं : पायांनी इंग्रजी ‘सी’ काढत मागे सरक, बूड खाली, आणि समोरच्याच्या हातांकडे नाही, डोळ्यांकडे नाही, छातीकडे बघ. हात फसवतात, डोळे फसवतात, छाती जिथे जाते तिथेच माणूस जातो. ती सतरा वेळा पडली. मी मोजत होतो, तुम्ही मोजत नव्हतात.

१ जून २००९ ला जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तुम्ही तीस वर्षं असेंब्ली लाइनवर काढलेला माणूस, तुमच्या पेन्शनचं काय होणार ते कुणाला माहीत नव्हतं. बारा तारखेला पिट्सबर्गविरुद्ध फायनलचा सातवा, निर्णायक सामना, घरच्या मैदानावर. अखेरच्या क्षणांत आपण १-२ नं मागे, परत आलेला पक डावीकडे लिडस्ट्रॉमच्या स्टिकवर, समोर अर्धा गोल उघडा. त्यांचा गोलरक्षक फ्लेरीनं आडवी उडी घेतली. पक त्याच्या अंगावर लागला आणि भोंगा वाजला. तळघरात कुणी हललं नाही. मग तुम्ही रिमोट खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘त्याची जागा बरोबर होती.’ बस, एवढंच.

सप्टेंबरमध्ये मला काम मिळालं. गुणवत्ता विभागात, कंत्राटी, पण काम. एका अनोळखी माणसाचा फोन आला होता, ‘तुमचा बायोडेटा माझ्याकडे आलाय.’ मी पाठवला नव्हता. मला वाटलं, शंभर ठिकाणी अर्ज टाकले, त्यातलाच एखादा फिरत गेला असेल. दोन वर्षांनी, एका बार्बेक्यूत, तुमच्या जुन्या फोरमनच्या तोंडून निसटलं, की तो माणूस त्याचा भाचा. बायोडेटा तुम्ही माझ्या बायकोकडून घेतला होतात आणि तिलाही गप्प बसवलं होतंत. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही कणसं उलटत होतात. मला फळीवरून परत आलेला पक आठवला. त्या दिवशी मी काही बोललो नाही, तेच आज बोलतोय.

त्याच वर्षी, २०११ ला, एक्केचाळिसाव्या वर्षी लिडस्ट्रॉमला सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सातव्यांदा मिळाली. आणि सप्टेंबरच्या ७ तारखेला तुम्ही फोन न करता चालत आलात, दारातच म्हणालात, ‘ओल्ड बुल गेला.’ रशियात, यारोस्लाव्हलजवळ, लोकोमोटिव्ह या तिथल्या आइस हॉकी संघाचं विमान पडलं होतं. मॅक्रिमन त्यांचा नवा कोच होता, मोसमाच्या पहिल्याच सामन्याला निघाले होते. चहा केला, तुम्ही तो दुधाचा, आल्याचा, कधी नव्हे तो पूर्ण प्यायलात.

३१ मे २०१२ ला लिडस्ट्रॉम थांबला. वीस मोसम, एकच संघ, आणि वीसही वेळा तो संघ प्लेऑफमध्ये. त्याच उन्हाळ्यात तुम्ही घर विकून लेकीकडे ॲरिझोनाला गेलात. मला म्हणालात, तो गेल्यावर इथे बघण्यासारखं काय आहे? थंडीला आणि गुडघ्यांना तुम्ही दोष दिला नाहीत, पाच नंबरला दिलात. निघायच्या आदल्या रात्री रिंकच्या फळ्या माझ्या कुंपणाला टेकवून गेलात.

मुलगी शाळेच्या आणि मग कॉलेजच्या संघात डावीकडे खेळली. डिफेन्स. तिच्या नावावर गोल फार नाहीत. तिचे सामने बघताना शेजारच्या पालकांना मी सांगायचो, पक बघू नका. ते माझ्याकडे, मी पहिल्या दिवशी तुमच्याकडे बघितलं तसंच बघायचे.

काका, मनापासून आभार. मांजराच्या खडीबद्दल, सकाळी सातच्या कॉफीबद्दल, त्या न सांगितलेल्या बायोडेटाबद्दल. काकूंच्या फोटोला आमचा नमस्कार सांगा.

तुमचा,
उजवीकडचा

ता. क. : आम्ही गेल्या वर्षी पुण्याला परत आलो. सामानाच्या कंटेनरमध्ये तुमचं बर्फाचं फावडं निघालं, तेच, पहिल्या दिवसाचं. परत करायचं राहिलं, माफ करा. पावसाळ्यात सोसायटीच्या फाटकाशी गाळ साचतो, तो काढायला आमचा वॉचमन ते घेऊन जातो. म्हणतो, साहेब, पातं भारी आहे, कुठून आणलं?