धडकी, धास्ती आणि धसका

संपादक महाशय,

मानसिक आरोग्यावरील मजकुरात दोन वाक्ये हमखास भेटतात. एक, 'अमिग्डाला हे मेंदूतील भीतीचे केंद्र आहे'. दुसरे, 'मनातील भीती मुळापासून काढून टाका'. पहिले वाक्य अर्धवट आहे, दुसरे चुकीचे. भीती मुळासकट जाईल या आशेने उपचार सुरू करणारा माणूस ती पहिल्यांदा परतली की हताश होतो आणि उपचार सोडतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

मराठीने या बाबतीत फार नेमके शब्द घडवले आहेत. पायाशी साप दिसला की धडकी भरते. अजून न आलेल्या संकटाची धास्ती असते. घडून गेलेल्या गोष्टीचा आपण धसका घेतो. मेंदूतही या तिन्हींचे मार्ग पुष्कळसे वेगळे आहेत, आणि उपचारही त्यानुसार बदलतात.

आधी धडकी. शिकारी प्राणी दूर असेल तर उंदीर सावध होतो, चरणे कमी करतो. शिकारी नजरेस पडला की जागीच थिजतो. तो अगदी अंगाशी आला की उधळतो किंवा उलट चावतो. थिजणे आणि उधळणे या दोन्ही गोष्टी मध्यमेंदूतील पेरिॲक्वेडक्टल ग्रे या भागातून घडतात, पण त्याच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतून. थिजलेल्या प्राण्याच्या हृदयाचे ठोके बहुधा मंदावतात. भीती म्हणजे छातीत धडधड, हे समीकरण त्यामुळे सरसकट लागू पडत नाही. माणसांवरचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. स्कॅनरमध्ये झोपलेल्यांच्या मागे संगणकी खेळातील शिकारी लागे आणि त्याने पकडले तर विजेचा झटका बसे. शिकारी लांब होता तोवर कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची हालचाल अधिक होती. तो जवळ येताच ती मध्यमेंदूकडे सरकली. भीतीने गर्भगळीत झालेल्या माणसाला त्याच क्षणी तर्क समजावून उपयोग होत नाही, त्याचे एक कारण हे असावे. समजावण्याची वेळ आधीची असते.

अमिग्डाला बाहेरून आलेल्या खुणेला 'हा धोका आहे' असा अर्थ जोडते. दोन्ही बाजूंच्या अमिग्डाला आजाराने नष्ट झालेली एक स्त्री संशोधनात सुप्रसिद्ध आहे. तिला साप, कोळी, भयपट कशाचीच भीती वाटत नसे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिला आणि अशाच अन्य दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एका श्वासात दिली गेली. तिघींनाही पॅनिकचा झटका आला. गुदमरल्याची शरीराच्या आतली सूचना अमिग्डालाविनाही भीती उठवू शकते, हे त्यातून दिसले. असे असताना अमिग्डालालाच भीतीचे एकमेव 'केंद्र' कसे म्हणावे?

पॅनिकच्या उपचाराशी याचा जवळचा संबंध आहे. ज्याला स्वतःच्या धडधडीचीच भीती बसली आहे, त्याला शरीराच्या आतल्या संवेदनांचाच सराव द्यावा लागतो: बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घेणे, खुर्चीत गोल फिरणे, जागच्या जागी धावणे. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे करू नये.

धास्ती मोजणे त्याहून अवघड. उंदरांसाठी अधिक चिन्हाच्या आकाराचा, जमिनीपासून उंच असा चौफाटा वापरतात. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. प्राणी ५ मिनिटे सोडायचा आणि उघड्या फाट्यांवर किती वेळ घालवतो ते पाहायचे. डायझेपॅम हे चिंता कमी करणारे औषध दिल्यास तो वेळ वाढतो. चुका इथेच होतात. एखाद्या औषधाने नुसती चुळबुळ वाढली तरी उघड्या फाट्यांवरच्या फेऱ्या वाढतात आणि 'चिंता कमी झाली' असा निष्कर्ष निघतो. म्हणून बंद फाट्यांतील फेऱ्याही मोजाव्या लागतात. तोच प्राणी दुसऱ्यांदा ठेवला तर डायझेपॅमचा परिणाम जवळजवळ दिसेनासा होतो. प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या नुसत्या वासानेही उंदीर ताणाखाली येतात, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. शिवाय जात्याच निशाचर असलेला उंदीर प्रखर उजेडात जास्त दचकतो, माणूस अंधारात. तेव्हा 'उंदरांची चिंता घटवणारे औषध सापडले' अशी बातमी देताना मोजले गेले ते वागणे होते, भावना नव्हे, एवढे तरी लिहावे. अमिग्डालावरील कामामुळे ज्यांचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते, त्या जोसेफ लेडू यांनीच २०१४ मध्ये असा आग्रह धरला की प्राण्यांच्या या प्रतिसादांना सरळ 'भीती' न म्हणता 'धोक्याला दिलेला बचावाचा प्रतिसाद' म्हणावे. आम्हाला ते पटते.

आता धसका, म्हणजे या पत्राचा मुख्य विषय. उंदराला साधारण ३० सेकंद एक सूर ऐकवतात आणि शेवटच्या एक-दोन सेकंदांत पायांना अर्धा ते एक मिलीअँपियरचा झटका देतात. दोन-चार वेळांत तो शिकतो. दुसऱ्या दिवशी नुसत्या सुराने थिजतो. मग झटका न देता सूर पुन्हा पुन्हा ऐकवला की थिजणे ओसरते. भीती पुसली गेली, असे वाटते. पण काही आठवडे गेले की ती आपोआप परतते. झटक्याविना सूर ऐकण्याचा हा सराव एका पिंजऱ्यात झाला आणि सूर दुसऱ्या पिंजऱ्यात वाजला, तरी परतते. सुराविना नुसता एक झटका बसला, तरी परतते. थोड्या विश्रांतीनंतर विझलेला प्रतिसाद परत येतो, ही गोष्ट तर पावलॉव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवरील प्रयोगांतच नोंदवली होती. म्हणजे जुनी आठवण तशीच राहते. 'आता सूर निरुपद्रवी आहे' अशी दुसरी आठवण तिच्यावर बसते. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मधला भाग अमिग्डालाला आवर घालतो आणि हा आवर कोणत्या ठिकाणी लागू करायचा, हे ठरवण्यात हिपोकॅम्पस या जागा आणि प्रसंग लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मोठा वाटा असतो.

जाग्या केलेल्या आठवणीला पुन्हा पक्के होण्यापासून रोखता येते, हे २००० साली उंदरांच्या अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे द्रव्य सोडून दाखवले गेले. माणसांवर प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरचे औषध वापरून झालेल्या प्रयोगांचे निकाल मात्र संमिश्र आहेत. 'भीती पुसणारी गोळी' अशा मथळ्यांना अजून आधार नाही.

दुसरी आठवण जिथे बसली तिथेच जोरदार राहते, म्हणून भीतीला सामोरे जाण्याचा सराव एकाच खोलीत, एकाच थेरपिस्टसमोर करून भागत नाही. कुत्र्यांची भीती असेल तर वेगवेगळी कुत्री, वेगवेगळ्या जागा, वेगवेगळ्या वेळा हव्यात. पायऱ्या ठरवताना प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० गुण द्यावेत आणि झेपेल अशा मधल्या पायरीपासून सुरुवात करावी. सरावाआधी नेमके काय होईल असे वाटते ते लिहून ठेवावे: 'तो माझ्यावर झेपावेल', 'मला चक्कर येईल'. नंतर काय झाले ते शेजारी लिहावे. अपेक्षा आणि घडलेले यांतील तफावतीतूनच मेंदू शिकतो. भीती किती उतरली यापेक्षा ही तफावत महत्त्वाची. भीती शिगेला असताना पळ काढला तर पळण्याचीच सवय पक्की होते. खिशातील गोळी, हातातील पाण्याची बाटली, सोबत आलेला भाऊ हे आधारही घातक ठरू शकतात. कारण वाचलो याचे श्रेय मेंदू त्यांनाच देतो आणि शिकायचे ते शिकत नाही. सरावाआधी बेंझोडायझेपिन, म्हणजे डायझेपॅमच्या गटातील गोळी, घेण्यातही हाच धोका आहे.

'शरीर सैल सोडा' हा सल्ला एका प्रकारच्या भीतीत उलटतो. रक्त किंवा सुई पाहून घेरी येणाऱ्यांचा रक्तदाब आधी थोडा चढतो आणि मग झपकन उतरतो. त्यांनी हात, पाय, पोट यांचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, आवळावेत; मग २० ते ३० सेकंद नेहमीच्या स्थितीत यावे, पूर्ण सैल पडू नये. असे पाच वेळा. सुई टोचायच्या हाताला मात्र त्या क्षणी ढिले ठेवावे.

मेघगर्जनेला घाबरणाऱ्या कुत्र्यालाही हेच शास्त्र लागू पडते. गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावावे आणि आवाजानंतर लगेच आवडता खाऊ द्यावा. क्रम उलटा झाला तर खाऊच धोक्याची सूचना ठरतो. कुत्र्याने खाऊ नाकारला तर आवाज जास्त झाला, असे समजून तो कमी करावा.

उपचारानंतर काही महिन्यांनी भीती डोके वर काढते, ते उपचार फसल्याचे लक्षण नव्हे. तेव्हा थोडा सराव पुन्हा करायचा असतो. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे, आणि आपल्या आरोग्यविषयक पानातूनही वाचकांपर्यंत गेले पाहिजे. बेंझोडायझेपिनविषयी वर लिहिले आहे ते वाचून मात्र कोणी रोजची गोळी स्वतःहून बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेली ही औषधे एकदम थांबवली तर अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

आपले,
मेंदूविज्ञान व मानसोपचार क्षेत्रातील काही वाचक