बाळाचे नाव चारही शब्दांसह म्हणून पाहा

संपादक महोदय,

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी नोंदीत बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम आहे. बारशाला मात्र पहिलेच नाव घोळवले जाते. चारही शब्द एका दमात मोठ्याने म्हणा. ‘आरव वर्षा’मध्ये एक ‘व’ गिळला जातो, ‘आर्या आशा’चे ‘आर्याशा’ होते. आडनाव जाधव असेल तर माधव टाळावे. हजेरीत यमक होऊन पोरे चिडवतात. आई-वडिलांची नावे लांब असतील, तर बाळाला दोन अक्षरी नाव शोभते. घाई कशाला? जन्मनोंदणी २१ दिवसांत नावाशिवायही होते आणि नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येते.

– एक शिक्षक, परभणी