रोटरी मोटारीच्या ऑइलच्या नळ्या बदलण्याविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रोटरी इंजिनाच्या, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाच्या, मझ्दा मोटारींवर आलेला लेख मुलाने मला फोनवर दाखवला आणि मी तो दोनदा वाचून काढला. आपल्याकडे मझ्दा म्हटले की अजूनही स्वराज मझ्दाची मालवाहू गाडी डोळ्यांसमोर येते, त्यामुळे या कंपनीच्या वेगळ्या वाटेवरच्या इंजिनाबद्दल मराठीत कोणी सविस्तर लिहिले याचा आनंदच वाटला. परंतु लेखातील दोन विधाने मला पटलेली नाहीत. हे इंजिन ऑइल खाते आणि तो त्याचा जन्मजात दोष आहे, हे पहिले. आणि जाणकार मालक इंजिनात जळण्यासाठी ऑइल देणारा छोटा पंप काढूनच टाकतात व पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात, हे दुसरे. मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढले. निवृत्तीनंतर ऑकलंडला मुलाकडे असतो. न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या गाड्या रस्तोरस्ती दिसतात. मुलाची १९८८ सालची आरएक्स-७ ही मझ्दाची रोटरी मोटार त्यांतलीच एक. गेल्या जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, आम्ही बापलेकांनी तिच्या या पंपातून ऑइल नेणाऱ्या चारही नळ्या बदलल्या, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

ऑइल खाण्याची गोष्ट आधी. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांना खालून, क्रँककेसमधून उडणारे ऑइल मिळत असते. रोटरी इंजिनात तशी सोय नाही. तिकोनी रोटरच्या तिन्ही टोकांना बसवलेल्या पातळ पट्ट्या, ज्यांना एपेक्स सील म्हणतात, त्या हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, क्रोम चढवलेल्या पृष्ठभागावर सतत घासत फिरतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलचा वायू किंवा जळता वायू असतो, ऑइल कुठेच नसते. साठच्या दशकात मझ्दाच्या अभियंत्यांना याच पृष्ठभागावर उमटणाऱ्या आडव्या लाटांसारख्या ओरखड्यांनी हैराण केले होते. त्यांनी त्या खुणांना सैतानाची नखे असे नावच ठेवले होते. त्यातून वाट काढून १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली, ती ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचे सील लावून. तेव्हापासून या गाड्यांत एक छोटा मीटरिंग पंप इंजिनातलेच ऑइल थेंबाथेंबाने ओढून सीलपर्यंत पोचवतो आणि ते तिथे जळून जाते. म्हणजे या इंजिनात ऑइल कमी होते ते ठरवून. उलट एखाद्या जुन्या आरएक्सचा मालक 'माझी गाडी थेंबभरही ऑइल पीत नाही' असे सांगू लागला, तर मला काळजी वाटेल.

बजाजच्या चेतकमध्ये पेट्रोल भरताना पंपावरचा पोरगा मापाने ऑइल ओतायचा, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. पुढे कायनेटिक होंडा आली आणि तिच्यात ऑइलची टाकी वेगळी होती, मिसळण्याचे काम गाडी स्वतः करायची. रोटरीचा मीटरिंग पंप याच दुसऱ्या जातीचा. फरक इतकाच की तो वेगळ्या टाकीऐवजी इंजिनातले ऑइल वापरतो. १९८८ च्या आरएक्स-७ मध्ये हा पंप पूर्णपणे यांत्रिक आहे. इंजिनाच्या फिरण्यावर तो चालतो आणि थ्रॉटलला एका दांडीने जोडलेला असतो, म्हणजे पाय जितका दाबाल तितके ऑइल जास्त. पुढच्या वर्षीपासून तो इलेक्ट्रॉनिक झाला.

आमच्याकडे सुरुवात झाली ती गाडीच्या नियमित सरकारमान्य तपासणीत. इथे तिला वॉरंट ऑफ फिटनेस म्हणतात. इंजिनाच्या एका कुशीला ओल आहे आणि खाली एक्झॉस्टवर ऑइल पडून जळाल्याच्या खुणा आहेत, असे तपासनिसाने लिहून दिले. या इंजिनात हवा आत घेणारा मार्ग आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. एक्झॉस्टची सगळी धग वर जाते आणि ऑइलच्या नळ्या नेमक्या तिथूनच गेलेल्या असतात. कंपनीने बसवलेल्या त्या नळ्या प्लॅस्टिकच्या, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोड्या जाड. नव्या असताना त्या पारदर्शक असतात. आमच्या कोऱ्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. हवा आत नेणाऱ्या मार्गाचा, म्हणजे मॅनिफोल्डचा, वरचा भाग काढल्यावर पहिली नळी मी दोन बोटांत धरून नुसती बाजूला सारली, तर ती नळीचे टोक जखडणाऱ्या बँजो बोल्टापाशी कट्कन मोडली, शेवयांची काडी मोडावी तशी. दुसरी मोडायला तेवढेही लागले नाही. तिसऱ्या नळीला आधीच केसाएवढी चीर होती आणि ओल तिथूनच येत होती. हायवेवर ती पूर्ण तुटली असती तर एका सीलचे ऑइल बंद झाले असते आणि तेच ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत राहिले असते. यात सर्वांत वाईट म्हणजे चालवणाऱ्याला काहीच कळत नाही; ऑइलच्या दाबाचा काटा जागचा हलत नाही.

ज्या गॅरेजमध्ये आधी विचारले तिथल्या माणसाने हाच तुमच्या लेखातला सल्ला दिला, की पंप काढा, तिथे पट्टी मारून भोक बंद करा आणि दर टाकीला टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचे, ऑइल घाला. हा सल्ला अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. इंजिन ऑइल हे जाळण्यासाठी बनवलेले नसते, त्यातल्या धातूयुक्त मिश्रणांची राख मागे राहते; टू-टी ऑइल स्वच्छ जळते. शर्यतीच्या गाडीत, जिथे प्रत्येक लिटर एकाच माणसाच्या हातून भरले जाते, तिथे हे चालते. पण आमच्या घरात ही गाडी सूनबाईही नेते, शेजारचा मुलगाही एखाद्या दिवशी नेतो, आणि वाटेत घाईने वीस लिटर पेट्रोल भरताना डिकीतली बाटली काढून मापाने ओतायचे हे कोणाच्या लक्षात राहील याची हमी मला देता आली नाही. एक टाकी विसरली तर सील लगेच जाणार नाहीत. पण झीज भरून येत नाही आणि ती किती झाली हे इंजिन खोलल्याशिवाय दिसत नाही. पंपाला विसरण्याची सवय नाही. शिवाय आमचा पंप ठणठणीत होता. बिघडल्या होत्या त्या नळ्या, मग शिक्षा पंपाला का?

कंपनीच्या मूळ नळ्या मिळवणे कठीण, आणि मिळाल्या तरी किंमत ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून आम्ही टेफ्लॉनच्या नळ्या घेतल्या. पुष्कळजण वरून स्टीलची जाळी असलेल्या घेतात, त्या दिसायला देखण्या आणि मजबूतही असतात, पण जाळीमुळे आत ऑइल आहे की हवा हे दिसत नाही. मला ते दिसायला हवे होते, म्हणून आम्ही बिनजाळीच्या, दुधी रंगाच्या निवडल्या आणि एक्झॉस्टच्या बाजूला तेवढे उष्णतारोधक आवरण घातले. व्हॅक्यूमसाठी मिळणारी सिलिकॉनची नळी किंवा माशांच्या टाकीची प्लॅस्टिकची नळी इथे वापरू नये. पहिली ऑइलने फुगते आणि दुसरी काही महिन्यांत मूळ नळीपेक्षाही कडक होते.

नळीचा आतला व्यास हा विषय वरवर क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. समजा नळी ४० सेंटीमीटर लांब आहे. आतला व्यास २.५ मिलिमीटर असेल तर ती भरायला साधारण २ मिलिलिटर ऑइल लागते. व्यास ४ मिलिमीटर केला तर ५ मिलिलिटर. पंप ढकलतो ते मोजूनच, त्यामुळे एकदा भरल्यावर दोन्ही नळ्यांतून सारखेच ऑइल येईल. मात्र पंप थेंबाथेंबाने देणारा असल्याने रुंद नळी भरेपर्यंत सील कोरडेच फिरत राहतात. आम्ही प्रत्येक नळी जोडण्याआधी सिरिंजने ऑइल भरून घेतली, तरीही खबरदारी म्हणून टाकीतल्या ४० लिटर पेट्रोलमध्ये ३२० मिलिलिटर टू-टी ऑइल घातले, म्हणजे लिटरला ८ मिलिलिटर. मग इंजिन सुरू करून पंपाची दांडी हाताने पूर्ण उघडी धरली. टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे नळीतून मुंगीच्या चालीने इंजिनाकडे सरकताना दिसत होते. शेवटचा बुडबुडा आत जाईपर्यंत मुलगा बॅटरी धरून उभा होता आणि मी दांडी सोडली नाही.

बँजो बोल्टांविषयी एक सांगणे आहे. ते आतून पोकळ असतात आणि पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची असते. ज्याचा हात जड आहे त्याने पाना दुसऱ्याच्या हातात द्यावा. वॉशर दरवेळी नवे घालावेत. जुना वॉशर उलटा करून बसवण्याची आपल्याकडची काटकसर इथे नडते.

नळ्या बदलताना त्यांच्या टोकाचे नॉझलही तपासले पाहिजेत, आणि नेमके हेच बहुतेक जण टाळतात. चारांपैकी दोन नॉझल थेट रोटरच्या हाउसिंगमध्ये आणि दोन खालच्या मॅनिफोल्डमध्ये बसतात. प्रत्येकाला हवेचे एक तोंड असते, नाहीतर इंजिनाची ओढ नळीतले सगळे ऑइल एका दमात शोषून घेईल; आणि इंजिनातला वायू मागे येऊ नये म्हणून आत एकतर्फी झडप असते. नॉझल स्वच्छ करून त्या तोंडातून फुंकले की हवा इंजिनाच्या दिशेने गेली पाहिजे आणि ओढून पाहिले तर मागे येता कामा नये. आमच्या चारांपैकी एक दोन्ही दिशांनी मोकळा निघाला. तो बदलला नसता, तर नव्या नळ्या घालूनही त्या एका नळीत हवाच राहिली असती आणि आम्ही मात्र काम फत्ते झाले म्हणून हात धुतले असते.

दोन शनिवार-रविवार या कामात गेले. आठ महिने झाले, इंजिनाची ती बाजू कोरडी आहे, तपासणीही पार पडली. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक पाहतो, ऑइल ठरल्याप्रमाणे कमी होते आणि आम्ही ते भरतो. पंप काढण्याला माझा विरोध नाही, ज्याला शर्यती करायच्या आहेत त्याने जरूर काढावा. पण लेख वाचून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा अमेरिकेतल्या एखाद्या मराठी मुलाने चांगला पंप काढून फेकू नये आणि तीस-पस्तीस वर्षांच्या त्या प्लॅस्टिकच्या नळ्या मात्र तशाच ठेवून गाडी पळवू नये, म्हणून लेखातील दुसरे विधान आपण पुढील अंकात दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
ऑकलंड (मूळचा चिंचवडचा)